बालकांची हगवण व डबा : घरच्या घरी काय मोजावे

मृग जवळ आला म्हणजे घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकत यांवरील सूचना शेतकऱ्यांच्या मासिकांत दरसाल येतात, आणि वाचक त्या जपून ठेवितात. बैलाने वैरण टाकली, रवंथ बंद केला, नाकपुडी कोरडी पडली, की घरधनी त्याच रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसतो आणि उजाडण्यापूर्वी डॉक्टरास बोलावणे धाडितो. घरातील दीड वर्षाच्या मुलाविषयी मात्र तोच घरधनी, “दात येत आहेत, होईल बरे,” असे म्हणून दोन दिवस सहज काढितो. मुलावर त्याचे प्रेम कमी असते असे नव्हे. जनावराच्या दुखण्याच्या खुणा त्यास बापाने व आजाने शिकविल्या. मुलाच्या दुखण्याच्या खुणा कोणी शिकविल्या नाहीत. ते खाते बायकांचे, अशी समजूत. परंतु अपरात्री मोटार मिळविणे, पैका काढणे व तालुक्याचा रस्ता धरणे हा निर्णय बहुतेक घरांत अजून पुरुषाच्या हाती असतो. खुणा एकीच्या ध्यानात येतात, निर्णय दुसऱ्याने करावयाचा, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात मूल हातचे जाते. म्हणूनच हा विषय आम्ही शेतकीच्या मासिकात व मुख्यत्वे घरधन्यासाठी मांडीत आहो.

लहान मुलांस आजार पुष्कळ होतात. सर्दी, खरूज, जंत, कानाचा ठणका, कांजिण्या यांतून बहुतेक मुले काही दिवसांत उठतात. परंतु महिन्यावरील व पाच वर्षांखालील मुलांचे प्राण घेणाऱ्या आजारांत दोन आजार अद्याप अग्रभागी आहेत : एक हगवण, म्हणजे अतिसार, व दुसरा डबा, म्हणजे फुप्फुसांचा दाह, ज्यास डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. यांचा विशेष हा की, साध्या दुखण्याचे जिवावरच्या दुखण्यात रूपांतर केव्हा झाले हे दोन्ही आजारांत घरी बसून ओळखता येते. त्यास नळी लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही. हगवणीत पाणी मोजावे लागते आणि डब्यात श्वास मोजावा लागतो.

प्रथम हगवणीचे पाहू.

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे पातळ शौच झाले म्हणजे ती हगवण समजावी. निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या तान्ह्या मुलाचे शौच वारंवार व सैल असते; ती हगवण नव्हे. दात येण्याने हगवण लागते ही समजूत सार्वत्रिक आहे, पण ती खरी नाही. दात येण्याच्या वयातच मूल रांगू लागते, भुईवरचे सर्व काही तोंडात घालते, आणि वरचे अन्न व पाणी त्यास सुरू होते. रोगाचे जंतू त्या वाटेने पोटात जातात. दातास दोष दिला म्हणजे आपण निर्धास्त होतो, एवढाच त्या समजुतीचा परिणाम.

हगवणीने मूल मरते ते शौचाने नव्हे. अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरते. हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप कळतात. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले तर ते मरणाच्या दारी येते. आणि एक लिटर पाणी जावयास जोराच्या हगवणीत एक दिवसही पुरेसा होतो. ओसाड माळावरील रोपास उन्हाळ्यात पाणी बंद केले तर काय होईल हे ज्यास कळते, त्याने हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, याहून विपरीत ते काय? तथापि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच होत आले.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमचे धाकटे भावंड सव्वा वर्षाचे होते. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडीत, आणि मूल बाभळीला बांधलेल्या झोळीत असे. त्यास हगवण लागली. शेजारच्या वडीलधाऱ्या बायांनी सांगितले की, आतडे रिकामे राहू द्यावे, वरून पाणी घातले की ते खालून निघते. आईने ते ऐकले. मूल तांब्याकडे हात करी, आणि आई तांब्या पाठीमागे सरकवी. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे होतो. तो तांब्या आम्हास अजून दिसतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. आई त्यानंतर चाळीस वर्षे जगली, पण त्या दिवसाचा विषय तिने कधी काढिला नाही. तिच्याकडे दोष नाही; तिला जे सांगितले गेले ते तिने केले.

पुढे नोकरीत असता एका आरोग्यशिबिराच्या बंदोबस्तावर आमची नेमणूक झाली, तेव्हा तेथील डॉक्टरांच्या तोंडून एक हकीगत ऐकली व मागाहून वाचूनही पाहिली. १९७१ साली, म्हणजे आमचे भावंड जाण्याच्या अगोदरच्या वर्षी, बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकीचा कहर झाला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस या तरुण डॉक्टरांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत तयार केले, आणि रोग्यांच्या आईबापांकडून व भावंडांकडून ते पेल्यांनी पाजविले. पूर्वी शेकडा तीसपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण त्या उपचाराखाली शेकडा चाराच्याही खाली आले. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आयांचे होते. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. हीच ती जलसंजीवनी. बंगालच्या छावणीत ठाऊक झालेली गोष्ट आमच्या माळावरील झोळीपर्यंत त्या वर्षी पोहोचली नाही.

निव्वळ पाण्याने हे कार्य का होत नाही, असे कोणी विचारील. आतड्याच्या अस्तरात मीठ व साखर यांस जोडीने आत ओढणारी एक वाट आहे. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडणी प्रथम मांडिली. जू दोन बैलांचे असले म्हणजे एक बैल लावून गाडी चालत नाही. तद्वत् या वाटेने एकटी साखर किंवा एकटे मीठ जात नाही, दोन्ही जुंपली म्हणजे जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी अंगात शोषले जाते. हगवणीत आतड्याचे इतर व्यवहार बिघडले तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. जू समतोल असावे लागते, हेही येथेच ध्यानात घ्यावे. साखर प्रमाणाबाहेर झाली तर ती उलट अंगातील पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढविते. मीठ प्रमाणाबाहेर झाले तर रक्तातील मीठ वाढून मुलास आकडी येण्याची भीती असते.

म्हणून येथे अंदाज उपयोगाचा नाही. फवारणीचे औषध पंधरा लिटरच्या पंपास किती मिलिलिटर घालावयाचे हे आपण बाटलीवर पाहून, झाकणाने मापून घालितो. पोटच्या मुलाचे पाणी मात्र चिमटीने व अंजुळीने होते! जलसंजीवनीचे पुडे आरोग्य उपकेंद्रात व आशाताईंकडे विनामूल्य मिळतात. सध्याच्या प्रमाणित पुड्यात २०.५ ग्रॅम भुकटी असते व ती एक लिटर पाण्यासाठी असते. पुडा अर्धा फोडून अर्ध्या लिटरात घालू नये. सबंध पुडा सबंध लिटरात घालावा. औषधाच्या दुकानी लहान पुडेही मिळतात, त्यांतील काही २०० मिलिलिटर पाण्याचे असतात. तेव्हा पुड्यावरील मजकूर वाचल्यावाचून पाणी घेऊ नये. पाणी उकळून गार केलेले असावे. कालविलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे व नवे करावे.

पुडा जवळ नसेल तर घरी करण्याचे माप असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट केलेले सहा लहान चमचे साखर, आणि सपाट केलेला अर्धा लहान चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा घ्यावा व सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकावा. लिटरचे माप घरात नसेल तर पाण्याची एक लिटरची विकतची बाटली जपून ठेवावी. तयार पाण्याची चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी हेही मीठ घालून द्यावे. साखरेचा घट्ट चहा, रंगीत सरबते व बाटलीतील गोड पेये मात्र देऊ नयेत. त्यांनी हगवण वाढते.

येथे एका बाजारी गोष्टीबद्दल सावध करणे प्राप्त आहे. कागदी डब्यांतून मिळणारी काही गोड पेये ‘ओ. आर. एस.’ ही अक्षरे ठळक छापून वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर प्रमाणित मापाच्या कितीतरी पट असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे झगडा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरी दुकानदार सवयीने काय हाती देईल याचा नेम नाही. फळाचे चित्र व फळाचा स्वाद असलेला डबा परत करावा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा पुडा मागून घ्यावा.

किती पाजावे? दोन वर्षांखालील मुलास दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला. दोन वर्षांवरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर. लहान मुलास बाटलीने न देता चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. मुलाने ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पूर्वीहून सावकाश, द्यावयास लागावे. ओकारी झाली म्हणजे सगळेच पाणी गेले असे नाही, बरेचसे आत राहते. या ठिकाणी बहुतेक आया हात टेकितात, आणि घरातील पुरुषाचे काम येथेच आहे : रात्री दोन वाजता चमचा आपल्या हाती घ्यावा व आईस तासभर निजू द्यावे.

आईचे दूध क्षणभरही तोडू नये. अन्नही तोडू नये. मऊ खिचडी, वरणभात, दही, केळे, थोडे तेल किंवा तूप घातलेली पेज, असे थोडथोडे पण वारंवार द्यावे. हगवण थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. कारण हगवणीत घटलेले वजन भरून येण्यापूर्वी दुसरी हगवण लागली म्हणजे मूल रोडावत जाते, आणि रोडावलेल्या मुलास लहानसे दुखणेही पुरते.

जलसंजीवनीबरोबर झिंक, म्हणजे जस्ताची गोळी, द्यावयाची असते. ती आशाताईंकडेच मिळते. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या मुलास १० मिलिग्रॅम, याप्रमाणे १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फडताळात पडून राहतात, हा सर्वत्र अनुभव. परंतु आतड्याचे अस्तर दुरुस्त होऊन पुढील दोनतीन महिने हगवणीचा फेरा टळावा यासाठी त्या असतात, सबब चौदाही दिवस पुरे करावे. जुलाब एकदम बंद करणाऱ्या मोठ्या माणसांच्या गोळ्या मुलास कदापि देऊ नयेत. त्यांनी आतडे लुळे पडून मूल दगावते. तसेच, प्रत्येक हगवणीस जंतुनाशक औषध लागत नाही. शौचात रक्त पडत असेल तर लागते. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे.

आता निघावे केव्हा? मुलाच्या पोटाची कातडी, बेंबी व कूस यांच्या मध्यावर, दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडावी. निरोगी मुलाची कातडी तत्काळ सपाट होते. ती हळूहळू बसू लागली, डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू खचली, मूल चिडचिडे होऊन हावऱ्यासारखे पाणी पिऊ लागले, तर पाणी पाजीत पाजीतच आरोग्य केंद्राची वाट धरावी. आणि कातडीची घडी दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच उभी राहिली, मूल सुस्त पडले, पाणी तोंडात धरीना, किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर एक क्षणही घरी राहू नये. तेथे शिरेतून पाणी दिल्यावाचून गत्यंतर नाही. चिडचिडे मूल एकाएकी शांत झाले म्हणजे घरच्यांस बरे वाटते. वाचकहो, ती शांतता बहुधा वाईट असते.

उलट, पाणी पिणाऱ्या, हसणाऱ्या मुलास ‘सलाईन लावाच’ असा आग्रह डॉक्टरांपाशी धरणारे आईबापही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. सुई टोचल्याखेरीज औषध दिल्यासारखे वाटत नाही, हा आपला जुना रोग आहे, व तो डॉक्टरांच्या फीवर पोसला जातो.

आता डब्याकडे वळू. हगवण डोळ्यांस दिसते तरी. डबा सर्दीच्या पांघरुणाखाली येतो. मुलास वर्षातून पाचसहा वेळा सर्दीखोकला होतो व औषधावाचून जातो. मग या वेळचा खोकला निराळा हे ओळखावे कसे? खोकल्याच्या जोरावरून नव्हे, तापावरूनही नव्हे. श्वास मोजून.

मूल शांत असता, रडत वा पीत नसता, अंगरखा वर करून पोट व छाती यांचे वरखाली होणे पाहावे, आणि घड्याळावर पुरे एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील तान्ह्याचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तान्ह्याचे मोजमाप ६० वर आले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी, कारण त्याचा श्वास मुळातच अनियमित असतो. कारण असे : फुप्फुसात सूज येऊन पाणी भरले म्हणजे ते ताठर होते, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही, म्हणून मूल संख्येने ती भरून काढते.

श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या खाली, आत ओढला जाऊन खळी पडते काय, हेही पाहावे. तशी खळी पडत असेल, मूल कण्हत असेल, नाकपुड्या फुगत असतील, ओठ निळसर झाले असतील, किंवा त्याने पिणे सोडले असेल, तर त्याच दिवशीची नव्हे, त्याच घटकेची निकड आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी याच मोजणीवर मोठे कार्य केले. खेड्यांतील सुइणींपैकी पुष्कळींस अंक येत नव्हते. चाळीसपन्नासपर्यंत मोजणे त्यांस जमेना. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असलेले एक साधे यंत्र त्यांनी केले. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर मुलास न्यूमोनिया आहे. गावातच ओळख व गावातच औषध या पद्धतीने बालमृत्यू घटल्याचे त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. दहापर्यंत मोजणाऱ्या सुईणबाईंस जे साधले, ते सातबारा वाचणाऱ्या व हातात घड्याळ बांधणाऱ्या आम्हा-तुम्हांस साधू नये, हे पटत नाही.

“पोट उडते” म्हणून मुलाच्या पोटावर बिब्बा घालणे किंवा तापल्या विळ्याने डाग देणे ही चाल मेळघाटात व अन्यत्रही अद्याप समूळ गेलेली नाही. पोट उडते ते पोटातील विकाराने नव्हे; छातीस श्वास पुरत नाही म्हणून उडते. डाग दिल्याने जखम होते, तीत पू धरतो, आणि जंतुनाशक औषध द्यावयाचे दोन मोलाचे दिवस वाया जातात. छातीस तेल चोळण्याने बाधा नाही, पण नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरते. वर्षाखालील मुलास मधही चाटवू नये. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी व धुरी यांविषयी घरच्या वडील बायकांशी वाद घालण्याची वेळ आली तर अवश्य घालावा. चुलीचा व धुरीचा धूर हे डब्याचे एक ठळक कारण आहे.

खोकल्याच्या गोड औषधांविषयी तर आता स्पष्टच बोलावे लागते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशा औषधाने वीसाहून अधिक मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतील पुष्कळांस उपचारासाठी आमच्या नागपुरास आणले होते. मुळात ती मुले साध्या सर्दीखोकल्याची होती. त्यानंतर केंद्र सरकारनेही पुन्हा बजाविले की, दोन वर्षांखालील मुलास खोकल्याचे औषध देऊ नये, व पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये. साधा खोकला कोमट पाण्याने व दिवसांनी जातो. डबा खोकल्याच्या औषधाने जात नाही. मग ते द्यावयाचे कशास?

तापासंबंधी थोडे. ताप हा रोग नव्हे, रोगाची वर्दी होय. अंगावरील गोधड्या काढाव्या, पाणी पाजावे, आणि मूल बेचैन असेल तर पॅरासिटामॉल द्यावे. त्याचे माप वयावर नव्हे, वजनावर असते : एका वेळी किलोस १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर, आणि दिवसरात्रीत चारांहून अधिक मात्रा नाहीत. हे औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत चमच्याला १२० मिलिग्रॅम, तर दुसरीत २५०, आणि थेंबांच्या कुपीत त्याहूनही तीव्र. मागच्या वेळी इतके दिले होते म्हणून याही वेळी तितकेच, असे केल्यास दुप्पट पोटात जाण्याचा संभव आहे. ॲस्पिरिन मुलास देऊ नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर आकडी येते. ती पाहवत नाही, पण बहुधा चारपाच मिनिटांत आपोआप थांबते. मुलास कुशीवर निजवावे, दातांत चमचा घालू नये, नाकाशी कांदा वा जोडा धरू नये, तोंडात पाणी घालू नये. पहिलीच आकडी असेल, पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबल्यावर मूल शुद्धीवर येईना, तर तत्काळ दवाखाना. मान ताठली असेल तरीही तसेच.

दोन महिन्यांखालील बालकास हे सारे नियम पुरत नाहीत. त्याने दूध ओढणे कमी केले, अंग तापले किंवा हातापायांस गार लागले, ते मलूल पडले, श्वास वाढला, यांपैकी एकही गोष्ट घडली तर घरी काहीच करीत बसू नये. मोठ्या मुलाचा आजार दिवसांत वाढतो, तान्ह्याचा तासांत. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बालक पाहावयाचे असते; त्या आल्या म्हणजे त्यांस ओट्यावरूनच परत लावू नये. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लसींत हगवणीच्या रोटा विषाणूची लस असते, आणि डब्याच्या जंतूंची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. सुगीच्या धांदलीत चुकलेली लस पुढील खेपेस घेता येते; चुकली ती गेली असे समजून सोडून देऊ नये.

शेवटी, आम्ही हयातभर दप्तर लिहिलेले असल्यामुळे आमची एक सवय वाचकांपुढे ठेवितो. मूल आजारी पडताच एक कागद घ्यावा व त्यावर वेळ घालून लिहीत जावे : शौच किती वेळा, लघवी शेवटची केव्हा, किती चमचे पाणी पोटात राहिले, मिनिटास श्वास किती, ताप किती, कोणते औषध किती वाजता दिले. घाबरलेल्या माणसाची स्मृती भरवशाची नसते. “काल संध्याकाळपासून बरे नाही,” एवढ्यावर डॉक्टरास काही ठरविता येत नाही. “रात्री आठ वाजता श्वास ४४, पहाटे चारास ५६,” एवढे सांगितले म्हणजे पुष्कळ ठरविता येते. हा कागद, लसीकरणाचे कार्ड व दिलेल्या औषधांच्या बाटल्या बरोबर न्याव्या.

वाहनासाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचे उपचार, औषधे व नेआण विनामूल्य आहे. वाहन येईपर्यंत व वाटेतही शुद्धीवरील मुलास चमचाचमचा जलसंजीवनी व आईचे दूध चालू ठेवावे. मूल बेशुद्ध असेल किंवा आकडी चालू असेल तर मात्र तोंडाने काहीही देऊ नये. तान्हे मूल असेल तर त्यास उघड्या अंगाने आईच्या उराशी, पदराखाली, कातडीस कातडी लावून न्यावे, व डोक्यास टोपडे घालावे, म्हणजे वाटेत ते गार पडणार नाही.